प्लस सी म्हणजे पिंपातलं आधीचं पाणी

"बाई, मी दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहते, बारावी सायन्सला आहे. बाबा हर्णै बंदरातून होडीवर जातात. इंटिग्रेशनची गणितं मला येतात, म्हणजे सूत्रं पाठ आहेत आणि उत्तरं बरोबर येतात. पण मी काय करते आहे तेच मला कळत नाही. वर्गात विचारलं तेव्हा 'डेरिव्हेटिव्हच्या उलट' एवढं सांगितलं. पुढच्या धड्यात तेच एकदम 'कर्व्हखालचं क्षेत्रफळ' झालं. उलट करण्याचा आणि क्षेत्रफळाचा काय संबंध? आणि कुणाचं क्षेत्रफळ? डीएक्स लिहायला विसरलं की मार्क जातो, पण डीएक्स म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. पुन्हा विचारलं तर 'हे परीक्षेला येत नाही' असं उत्तर मिळालं. मैत्रिणी म्हणतात, उत्तर येतंय ना, मग गप्प बस. गप्प बसू का? की मला गणित जमणारच नाही?"

प्रिय मुली,

गप्प बसू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला खरोखर आनंद झाला. उलट करण्याचा आणि क्षेत्रफळाचा काय संबंध, हा तुझा प्रश्न म्हणजे या सगळ्या विषयाचा गाभा आहे. गणित न जमणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडत नाही. ज्या जागी तू अडखळलीस तिथे अडखळायलाच हवं. तिथून पाय न अडकता जे पुढे गेले, त्यांचं सूत्र पाठ झालं, एवढंच.

तुझ्या गोंधळाचं एक कारण पुस्तकातल्या क्रमात आहे. आपल्या पुस्तकात आधी इन्डेफिनिट इंटिग्रेशन येतं, मग सुरुवात आणि शेवट ठरवून करायचं डेफिनिट, आणि त्यानंतर क्षेत्रफळं. म्हणजे युक्ती आधी हातात पडते आणि ती कुठल्या कामासाठी शोधली ते मागून कळतं. म्हणून तू काही दिवस 'उलट' हा शब्द बाजूला ठेव. इंटिग्रेशन म्हणजे बेरीज, इथून सुरुवात कर. मराठीत त्याला संकलन म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. जी गोष्ट दर क्षणाला बदलते आहे, तिची बेरीज कशी करायची, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या खळ्यात, माडाच्या झावळ्या आणि पागोळ्या दोन्हींपासून लांब, उघड्यावर एक पिंप ठेवलंय असं समज. सरळ उभ्या बाजूंचं, रिकामं. पाऊस सुरू झाला. तो तासाला ५ मिलिमीटर अशा एकाच जोराने सहा तास पडला, तर पिंपात किती चढेल? पाच सक तीस, ३० मिलिमीटर. याला इंटिग्रेशन लागत नाही, पाढा पुरतो. पण आपल्याकडचा पाऊस असा कधी पडतो का? तो भुरभुर सुरू होतो, चढतो, मग कौलांवर ताशा वाजवल्यासारखा कोसळतो आणि हळूहळू ओसरतो. मग गुणाकार कुठल्या आकड्याने करायचा?

एक बेतलेली सर घेऊ. सुरू झाल्यापासूनचे तास म्हणजे ट. पावसाचा जोर, तासाला इतके मिलिमीटर, हा ६ट वजा ट चा वर्ग एवढा आहे असं धर. सुरुवातीला शून्य, तीन तासांनी ९ म्हणजे सगळ्यात जास्त, सहा तासांनी पुन्हा शून्य. आता प्रत्येक तासाच्या सुरुवातीला जोर किती होता तो लिही: ०, ५, ८, ९, ८, ५. तेवढा तासभर पाऊस त्याच जोराने पडला असं मानायचं. बेरीज ३५ मिलिमीटर. हे खरं उत्तर नाही, कारण तासाच्या आत जोर बदलत होता. चढत्या पावसात आपण कमी मोजलं, उतरत्या पावसात जास्त, आणि दोन्ही मिळून थोडी तूट राहिली.

मग पट्टी, म्हणजे वेळेचा एकेक तुकडा, अर्ध्या तासाची कर. बारा आकडे येतील, प्रत्येकाला अर्ध्याने गुणायचं. बेरीज येते पावणेछत्तीस. पाव तासाची पट्टी घेतलीस तर सुमारे ३५.९४, दहा मिनिटांची घेतलीस तर सुमारे ३५.९७, एकेका मिनिटाची घेतलीस तर ३५.९९९७. हे आकडे कुठे निघालेत ते तुला दिसतंय. ते ३६ कडे निघालेत, आणि कसे निघालेत तेही बघण्यासारखं आहे. एक तासाच्या पट्टीला तूट १, अर्ध्या तासाच्या पट्टीला तूट पाव, पाव तासाच्या पट्टीला तूट एक सोळांश. पट्टी निम्मी केली की या सरीत तूट चौथाई होते. म्हणजे तूट हवी तितकी लहान करता येते, आणि ज्या एकाच आकड्याकडे या सगळ्या बेरजा जातात तो आकडा म्हणजे इंटिग्रल. हे गणित मनात नको, कागदावर कर. बारा आकड्यांची बेरीज हाताने केल्याशिवाय हे अंगात मुरत नाही, असं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

डीएक्स म्हणजे काय, याचं उत्तर आता तुझ्यासमोर आहे. डीएक्स म्हणजे पट्टीची रुंदी. आपल्या सरीत ती वेळेची आहे, म्हणून ती डीटी. जोर गुणिले पट्टीची रुंदी म्हणजे त्या एवढ्याशा वेळात पडलेलं पाणी. ते न लिहिणं म्हणजे 'तासाला आठ मिलिमीटर' एवढंच सांगून किती वेळ ते न सांगण्यासारखं आहे. मार्क त्यासाठी जातो, आणि जायलाच हवा. आणि ते लांबुडकं चिन्ह, ∫, तो ताणून लिहिलेला 'एस' आहे. लॅटिनमध्ये बेरजेला 'सुम्मा' म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर. लायब्निट्स या जर्मन विद्वानाने २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात ते पहिल्यांदा वापरलं. त्यामुळे सगळं वाक्य डावीकडून असं वाच: बेरीज कर, जोराची, गुणिले छोटासा वेळ.

कुणाचं क्षेत्रफळ, या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे पुष्कळ मुलं कायमची फसतात. आलेखावर आडवे तास आणि उभा पावसाचा जोर घेतलास, तर प्रत्येक पट्टी हा एक उभा आयत दिसतो आणि सगळ्या आयतांची बेरीज म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. पण तास गुणिले 'तासाला मिलिमीटर' म्हणजे मिलिमीटर. चित्रात ते क्षेत्रफळ आहे, खऱ्या जगात ती पिंपातल्या पाण्याची उंची आहे. उभ्या बाजूला वेग घेतलास तर तेच क्षेत्रफळ अंतर होतं. उभ्या बाजूला किलोवॅट घेतलेस तर ते विजेच्या बिलावरचे युनिट होतात, कारण एक किलोवॅट एक तास चाललं की एक युनिट. घराबाहेरचा मीटर दिवसरात्र इंटिग्रेशनच करत असतो. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर त्याचं एकक विचारायची सवय लाव.

कधीकधी मात्र ते खरोखरच क्षेत्रफळ असतं. खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ठरावीक अंतरावर दोरी टाकून खोली किती वाव (पाण्याची खोली मोजायचं माप) आहे ते मोजलं, तर खाडीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ याच पट्ट्यांनी निघतं. तिथे वक्र म्हणजे खाडीचा तळ. होडीच्या बुडालेल्या भागाचं आकारमानही असंच काढतात. ठरावीक अंतरावर होडीचे छेद घ्यायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. जहाज बांधणारे यासाठी अठराव्या शतकातल्या थॉमस सिम्पसनच्या नावाचा नियम आजही वापरतात. आकारमान कळलं की होडीने किती पाणी बाजूला सारलं ते कळतं, आणि त्या पाण्याचं वजन म्हणजे मालासकट होडीचं वजन.

आता तुझा मूळ प्रश्न. ही एवढी पट्ट्यांची बेरीज आणि डेरिव्हेटिव्ह उलटं करणं यांचा संबंध काय?

पिंपाकडे परत चल. पाऊस चालू आहे आणि तू पडवीत उभी राहून पिंपातल्या पाण्याची पातळी बघते आहेस. आतापर्यंत साठलेलं पाणी ही एक गोष्ट, आणि ते या क्षणी किती वेगाने चढतंय ही दुसरी. साठलेलं पाणी म्हणजे सुरुवातीपासूनची बेरीज, इंटिग्रल. आणि पातळी या क्षणी किती वेगाने चढते आहे? पाऊस या क्षणी जेवढ्या जोराने पडतोय, बरोबर तेवढ्याच वेगाने. तासाला ९ मिलिमीटर पाऊस असेल तर पातळीही तासाला ९ मिलिमीटरने चढते. दुसरं काही होऊच शकत नाही. पण चढण्याचा वेग म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. म्हणजे बेरजेचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की मूळ जोर परत मिळतो. दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत त्या या कारणाने. हेच ते कलनाचं मूलभूत प्रमेय, न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या नावाशी जोडलेलं. ते पुस्तकात अवघड दिसतं, पण पिंपाशेजारी उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं.

याचा फायदा किती मोठा आहे बघ. हजारो पट्ट्या मोजण्याऐवजी तू एवढंच विचारायचं की कशाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की ६ट वजा ट चा वर्ग मिळेल? ३ गुणिले ट चा वर्ग, वजा ट च्या घनाचा तिसरा भाग. त्यात ट जागी ६ घाल: १०८ वजा ७२, ३६. ज्या आकड्याकडे आपल्या बेरजा सरकत सरकत चालल्या होत्या तो दोन ओळींत, एका तसूचीही तूट न राहता हाती आला. मी पहिल्यांदा हे दोन्ही रस्त्यांनी करून पाहिलं तेव्हा वही मिटून बराच वेळ नुसती बसले होते. आजही शिकवताना या जागी माझा आवाज बदलतो.

आणि इन्डेफिनिट इंटिग्रेशनच्या उत्तराशेवटी लिहायचा तो प्लस सी? पाऊस सुरू होण्याआधी पिंपात पाणी होतं का, हे पातळी चढण्याच्या वेगावरून कळत नाही. रिकामं पिंप असो की वीतभर भरलेलं, चढण्याचा वेग तोच. ते आधीचं पाणी म्हणजे सी. डेफिनिट इंटिग्रलमध्ये आपण शेवटच्या पातळीतून सुरुवातीची वजा करतो, म्हणून ते दोन्हीकडे सारखं असून निघून जातं. सी लिहायला विसरू नकोस हे तुला शंभरदा सांगितलं असेल, कारण आता कळलं.

बेरीज आधी आणि उलट नंतर, असं मी आग्रहाने सांगते त्याला इतिहासाचाही आधार आहे. परवलयाच्या (पॅराबोलाच्या) तुकड्याचं क्षेत्रफळ आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात काढलं, तेव्हा डेरिव्हेटिव्ह हा शब्दच नव्हता. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढलं, तेही तुकडे करून. आवळ्यावर देठापासून खाली उभ्या रेषा असतात ना, तशा फाकी गोलावर कल्पायच्या आणि एका फाकीचं क्षेत्रफळ पट्ट्यापट्ट्यांनी मोजायचं. उत्तर आलं, त्याच गोलाच्या मधोमधच्या वर्तुळाच्या चौपट. 'लीलावती'त त्यांनी या पृष्ठफळाला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. जाळी विणणाऱ्या घरातल्या मुलीला ही उपमा समजावून सांगायची गरज नाही. आणि आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेला गेलीस की केरळात, माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने चौदाव्या ते सोळाव्या शतकात अशाच बेरजांमधून वर्तुळाच्या परिघाच्या अनंत श्रेढी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, मिळवल्या. त्या परंपरेतल्या 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात बेरजेला शब्द आहे 'संकलित'. आपलं संकलन त्याचंच भावंड.

शिवाय उलटं करणं दरवेळी जमत नाही. ई चा घात उणे एक्स वर्ग, हे फलन (फंक्शन) घे. याचं उलट आपल्या नेहमीच्या सूत्रांत लिहिताच येत नाही. कुणाला अजून जमलं नाही असं नाही, ते अशक्य आहे हे सिद्ध झालेलं आहे. तरी त्या वक्राखालचं क्षेत्रफळ आहे, आणि डावीउजवीकडे अनंतापर्यंत घेतलं तर ते बरोबर पायचं (π) वर्गमूळ येतं. मोजमापातल्या चुका, माणसांच्या उंच्या, असल्या आकडेवारीत जी घंटेच्या आकाराची रेषा काढतात ती हीच. इंटिग्रेशन म्हणजे फक्त 'उलट' असतं, तर इथे हात टेकावे लागले असते. ते बेरीज आहे म्हणून काम अडत नाही, संगणक पट्ट्या मोजून उत्तर देतो.

कशासाठी हे सगळं, असं तू थेट विचारलं नाहीस, पण पत्रात ते आहे. पावसाळ्यात बातम्या ऐकतेस ना? धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, धरणात इतके टीएमसी साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो जोर झाला. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, तो साठा झाला. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे इंटिग्रल. १०,००० क्युसेक पाणी एक दिवस सारखं वाहिलं तर ८६,४०० सेकंदांत ८६.४ कोटी घनफूट होतं, म्हणजे ०.८६४ टीएमसी. कोयना धरणाचा पूर्ण भरलेला साठा १०५.२५ टीएमसी आहे. त्या जोराने तो रिकामा व्हायला सुमारे १२२ दिवस लागतील. विसर्ग दर तासाला बदलत असला की हा गुणाकार चालत नाही, पट्ट्या कराव्या लागतात.

कोयनेचं वीज करून झालेलं पाणी घाटाखाली पोफळीकडे उतरतं, वाशिष्ठीला मिळतं, चिपळूणवरून जातं आणि तुझ्याच तालुक्यातल्या दाभोळला समुद्रात पोचतं. त्या खाडीत उणे क्षेत्रफळ म्हणजे काय तेही बघायला मिळतं. भरतीचं आत येणारं पाणी अधिक धर, ओहोटीचं बाहेर जाणारं उणे. आलेख आडव्या रेषेच्या वर जातो, मग खाली. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. तेवढ्या वेळाचं इंटिग्रल घेतलंस तर आलेलं आणि गेलेलं बरंचसं एकमेकांत फिटतं, आणि उरतं ते मुख्यतः नदीने आणलेलं पाणी. उधाणाच्या मोठ्या भरतीला दोन्ही बाजूंचे उंचवटे मोठे, भांगाच्या छोट्या भरतीला लहान. वही घेऊन धक्क्यावर बसलीस तर आलेख डोळ्यांसमोर हलताना दिसेल.

पूरही असाच समजतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात घराघरांत पाणी शिरलं. पूर म्हणजे आलेलं पाणी वजा निघून गेलेलं पाणी, त्याची क्षणाक्षणाने साठत गेलेली बेरीज. आज नदीची पातळी किती होईल, माणसांना घरातून कधी हलवायचं, याचा अंदाज बांधणारे लोक हीच बेरीज करत असतात. म्हणून 'हे परीक्षेला येत नाही' हे उत्तर मला पटत नाही. तुझ्या शिक्षकांवर मात्र राग धरू नकोस. पुस्तक संपवायचं ओझं काय असतं ते मी अनुभवलं आहे. पुन्हा विचारशील तेव्हा 'याचा अर्थ काय' असं न विचारता 'या गणितात पट्टी कशाची आणि उत्तराचं एकक कुठलं' असं विचार. त्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. आणि सूत्रांचा सराव सोडू नकोस. वल्हं कसं चालतं ते समजलं तरी हात वल्ह्याला सरावलेले लागतातच.

एक काम तुला देते. आता नारळीपौर्णिमा झाली, होड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या आहेत. बाबांच्या होडीवर जीपीएस असेल तर त्यांना सांग, बंदरातून निघाल्यापासून जाळं टाकेपर्यंत दर दहा मिनिटांनी त्यावरचा वेग, नॉटमध्ये, एका कागदावर लिहून आणा. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ६ नॉटने दहा मिनिटं गेलं की बरोबर एक सागरी मैल होतो. म्हणून सगळ्या आकड्यांची बेरीज करून ६ ने भाग, सागरी मैल मिळतील. यंत्रावर कापलेलं अंतर दाखवतात, तेही लिहून आणायला सांग. बंदरापासूनचं सरळ रेषेतलं अंतर नको, होडी वळत गेली असेल तर ते कमी भरेल. मग दुसऱ्या दिवशी हेच पाच मिनिटांच्या पट्टीने करा. या वेळी भागायचं १२ ने.

दोन्ही दिवसांचे आकडे मला पाठव. बेरीज आणि यंत्र यांत फरक पडला तर तोही खोडू नकोस, तसाच लिही. होडीने कुठल्या दहा मिनिटांत वेग एकदम बदलला असेल, ते आपण दोघी मिळून शोधू.

तुझी,
बाई